तबकडीतली कोरी जागा

गाणं संपल्यावरही सुई थांबत नाही. शेवटचा सूर विरून जातो, खंजिरीच्या झांजा क्षणभर थरथरतात, आणि मग उरते ती फक्त काळ्या रिकाम्या पट्ट्यावरून फिरणाऱ्या सुईची खरखर. कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्यांमधून उन्हाळी वारा जावा तशी कोरडी, निरर्थक आणि तरीही कान सोडून न जाणारी. पुंजाजीच्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूला ही खरखर जरा जास्तच वेळ चालते. आजवर कुणालाही सांगितलं नाही ते तुम्हांला सांगतो. ती कोरी जागा माझी आहे. तिथं एक कडवं बसत होतं. जागा नाही, असं मी पुंजाजीला सांगितलं, आणि ते खोटं होतं.

अकोल्यात माझं ग्रामोफोन आणि रेडिओचं लहानसं दुकान आहे. परवा एक तरुण प्राध्यापक काखेत मोठी तबकडी घेऊन आले. अलीकडे निघाल्या आहेत ना, एका बाजूला वीसेक मिनिटं चालणाऱ्या, तसली. कुण्या परदेशी खेड्यातल्या गायकाची. स्वतःची गाणी स्वतःच रचणारा, आणि हातातल्या गिटारीवर स्वतःच म्हणणारा माणूस. भाषा मला अर्धीमुर्धी कळली, पण आवाज पुरता कळला. धुळीत वाढलेला गळा जगात कुठंही सारखाच असतो. दोन्ही बाजू ऐकून झाल्यावर प्राध्यापक म्हणाले, "गाणी बरी आहेत हो, पण केवढी लांबण! गावरान गाण्याला एवढं मोठं ताट शोभत नाही. एक धृपद, दोन कडवी, की पुरे. तुमचं काय मत?" मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे त्यांना कळलं नसावं. मलाही कळलं नव्हतं. ते गेले, आणि त्यांचा प्रश्न मात्र दुकानातल्या बाकावर बसून राहिला.

खरंच, काय शोभतं? दरबारी गवयानं एकाच रागाची घडी तासभर उलगडत बसावं, त्याला आपण विस्तार म्हणतो. आणि बैलबंडीवर बसून गाणाऱ्यानं दहावं कडवं म्हटलं, की त्याला लांबण म्हणतो. हा न्याय कुणी ठरवला? पण दुसरी बाजूही खोटी नाही. मी स्वतः आयुष्यभर लहान तबकड्या विकल्या. तीन-सव्वातीन मिनिटांत अख्खा ऋतू बांधून देणारी माणसं मी ऐकली आहेत. दवाचा थेंब लहान असतो म्हणून त्यात सूर्य मावत नाही, असं कोण म्हणेल? आणि लांबलेली गाणीही ऐकली आहेत, ज्यांत कवीजवळ सांगायचं संपलेलं असतं आणि गळ्याला मात्र ते कुणी कळवलेलं नसतं. तेव्हा लांबी म्हणजे गुण नव्हे. मग पुंजाजीचं गाणं इतकं लांब का होतं?

ते समजायला तुम्हांला अकोटला यावं लागेल, हिवाळ्यात, दिवाळी उलटून गेल्यावर. तेव्हा कापसाच्या बंड्या जिनाच्या कारखान्याच्या फाटकापासून थेट गावाबाहेरच्या बाभळींपर्यंत लागलेल्या असत. आत जिन घरघरत असे, हवेत तंतू तरंगत असत, माणसांच्या भुवया पांढऱ्या होत, आणि सरकीचा तो तेलकट, उबदार गंध दुपारभर नाकात बसून राही. बैल सोडलेले, जू जमिनीला टेकलेलं, आणि माणसं कापसाच्या ढिगावर लोळत पडलेली. वाट पाहणं हाच त्या दिवसांचा मुख्य उद्योग होता. त्या रांगेत पुंजाजी असे. दुसऱ्याची बंडी हाकायचा तो. स्वतःचं शेत नव्हतं. आमच्याच गावचा. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, सडपातळ, उंच, आणि बोलताना एक डोळा किंचित मिटणारा. खंजिरी तो पोत्यात गुंडाळून आणी.

त्याच्या गाण्याची रीत अशी, की ती मी दुसरीकडे कुठं पाहिली नाही. रांगेच्या शेपटाकडे नवी बंडी येऊन लागली, की तिचा मालक आपल्या गावाचं नाव ओरडे. ते नाव तोंडातोंडी बंडीवरून बंडीवर पुढं सरकत पुंजाजीपर्यंत पोचे. तो डोळा मिटी, खंजिरीवर दोन थापा देई, आणि त्या गावाचं कडवं तिथल्या तिथं बांधी. पहिल्या ओळीत गावाचं गोड, दुसऱ्या ओळीत गावाचा काटा. मग ते कडवं तसंच तोंडातोंडी उलटं शेपटाकडे जाई, आणि हशा रांगेच्या टोकापर्यंत लाट जावी तसा जाई. "पिंपळखुट्याचे वांगे बाप्पा काटेरी अन् गोड, पाव्हना दिसला का लपवते, सांगे लागली कीड." पिंपळखुट्याचा म्हातारा मागून ओरडे, "अरे पुंज्या, तू जेवून गेला ना रे मागच्या साली? तवा काय कीड खाल्ली का?" आणि पुंजाजी शांतपणे सांगे, "कीडच होती बुवा. पन सयपाक बेस होता." पुन्हा धृपद: "रांग सरकू दे रे बाप्पा, रांग सरकू दे." अख्खी रांग ते म्हणे. रांग मात्र सरकत नसे.

तेव्हा मला कळलं नाही, आता कळतं. ते गाणं लांब नव्हतं. रांग लांब होती. ज्या क्षणी शेवटचं गाव येऊन लागेल त्या क्षणी ते संपणार होतं, आणि शेवटचं गाव कधीच येऊन लागत नव्हतं. आल्या गावाला जागा द्यायची, एवढाच त्या गाण्याचा नियम होता. मी त्या गाण्याला नंतर पुष्कळ विशेषणं लावली, पण 'अतिथिशील' हे विशेषण मला सुचलं नाही. सुचलं असतं तर कदाचित माझा हात थांबला असता.

आमच्या गावाची बंडी लागली, त्या दुपारी मी तिथं होतो. अकोल्याहून सुटीवर आलो होतो आणि बंडीच्या साटीला टेकून ऊस चावत होतो. गाव पुंजाजीचंही होतं आणि माझंही, म्हणून सगळे कान टवकारून बसले. पुंजाजीनं या वेळी थापा दिल्याच नाहीत. खंजिरी मांडीवर ठेवली आणि नुसत्या गळ्यानं म्हटलं:

"गोड तुह्या इहिरीचं पानी, माय वतते वरून;
तोंड माह्यं त्या पान्यात पाहाचं गेलं राहून."

कुणी हसलं नाही. धृपद कुणी उचललं नाही. ती विहीर आमची होती आणि ती माय माझी आई होती. पुंजाजीच्या वस्तीतली माणसं दूर उभी राहत, ओंजळ पुढं करत, आणि आई वरून धार सोडी. ती प्रेमानं सोडी, हे मी शपथेवर सांगेन; उन्हात आलेल्याला गुळाचा खडा दिल्यावाचून ती पाणी देत नसे. पण धार वरून यायची, आणि विहिरीच्या काठावर वाकून त्या माणसांनी कधी आत डोकावलं नव्हतं. मी लहानपणी तासन्‌तास डोकावत असे. खाली थरथरणारं माझंच तोंड पाहून त्याला वाकुल्या दाखवत असे. हे सुख कुणाला नसेल, अशी शंकाही मला कधी आली नव्हती. पुंजाजीच्या कडव्यात राग नव्हता. राग असता तर मला भांडता आलं असतं. त्यात एक हुरहूर होती. ज्या गावात जन्मलो त्या गावाच्या पाण्यानं आपल्याला एकदाही ओळखलं नाही, याची. त्यानंतर त्याच्या वस्तीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि ओंजळ पुढं करणं थांबलं. वस्तीनं आपली विहीर खणली. तिचं पाणी मचूळ लागलं, पण कुणी परत आलं नाही. पुंजाजी अकोटला राहायला गेला. कडवं मात्र त्यानं टाकलं नाही. दर हिवाळ्यात, आमच्या गावाची बंडी लागली की ते तो तसंच, खंजिरी मांडीवर ठेवून म्हणे.

मग मी दुकान घातलं, आणि एका तबकडीच्या कंपनीच्या माणसाशी ओळख झाली. मला वाटलं, पुंजाजीचं गाणं जगानं ऐकावं. हे वाटणं खरं होतं; माझ्या अपराधाच्या आधी माझ्या प्रेमाची नोंद घ्या. पुंजाजीला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "अख्खं गानं घेन का रे तुही तबकडी?" मी म्हटलं, "दोन बाजू असतात, पुंजाजी. दोन्ही मिळून सहा-सात मिनिटं." तो हसला. "येवढ्यात तं बैल पानी बी पेत नाही. बरं, निवड तू. तू शिकेल हायस."

निवड तू. या दोन शब्दांचं ओझं मला तेव्हा जाणवलं नाही, कौतुकच वाटलं. मी कडवी निवडली. वांग्यांचं घेतलं, अकोटच्या बाजाराचं घेतलं, डोंगराखालच्या गावाच्या धुक्याचं घेतलं. हसरी, गोंडस, खपण्याजोगी कडवी. आमच्या गावाचं कडवं पुंजाजीनं स्वतःहून शेवटी ठेवलं होतं. "हे शेवटी राहू दे, वसंता. हे म्हटलं का मंग मले काही म्हनाचं राहात नाही."

मुंबईला नेलं त्याला. काचेच्या आड कंपनीचा माणूस बसला होता आणि मी त्याच्या शेजारी. दुसऱ्या बाजूची तालीम झाली, तेव्हा त्यानं घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, अजून एक कडवं सहज बसेल, काही आहे का? काचेपलीकडे पुंजाजी आमची हलणारी तोंडं पाहत होता. मी म्हटलं, नाही, गाणं इथंच संपतं. मग दार उघडून आत गेलो आणि पुंजाजीला सांगितलं, "शेवटच्याला जागा नाही म्हणतात." त्यानं एकदा काचेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "नाही तं नाही," म्हणाला, आणि खंजिरीवरचा घाम अंगठ्यानं उगाच पुसला.

का केलं? स्वतःला मी पुष्कळ कारणं दिली. खप कमी होईल. विनोदी गाण्याच्या शेवटी असलं कडवं विसंगत वाटतं, रसभंग होतो. आणि सर्वांत पवित्र कारण: आई. तबकडी गावात वाजणार, आई ऐकणार, आयुष्यभर मायेनं सोडलेल्या धारेचं असं माप तिच्या पदरात पडणार. हे तिला सोसवेल का? मुलाच्या भित्रेपणाला आईच्या पदराइतका सुरेख आडोसा दुसरा नाही.

तबकडी निघाली. मी ती गावी नेली, ओट्यावर ग्रामोफोनचा बाजा मांडला, किल्ली दिली. आई खांबाला टेकून ऐकत होती. वांग्यांच्या कडव्याला हसली. दुसरी बाजू संपली, सुई खरखरू लागली, तरी ती हललीच नाही. मग म्हणाली, "आपल्या गावचं कुठं गेलं रे? ते पान्याचं?" मी चरकलो. म्हटलं, तुला कुणी सांगितलं ते? "बंडीवाल्यायनं सांगितलं. साऱ्या गावाले ठाऊक हाय. मी वाट पाहून राहिली होती." आणि बाज्याकडे पाहत, "मी काय वाईट मानलं असतं? खरंच तं हाय ते. त्यानं मले माय म्हटलं त्यात. काहून काढलं त्यानं? रागावला असन माह्यावर." मी सुई उचलून ठेवली. पुंजाजीनं नाही, मी काढलं, एवढं वाक्य माझ्या ओठांवर आलं नाही. पुढच्या पावसाळ्यात आई गेली. पुंजाजी आपल्यावर रागावला, असं समजून गेली.

तबकडी मात्र खपली. जत्रेत वाजली, हॉटेलात वाजली, लग्नाच्या मांडवात वाजली. आणि इथं ती गोष्ट घडली, जिची कल्पना मला नव्हती. पुढच्या हिवाळ्यात अकोटच्या रांगेत गेलो. शेपटाकडून एका गावाचं नाव निघालं, पण चार बंड्या पुढं येताच विरून गेलं. पुढची पोरं ओरडत होती, "ओ पुंजाजी, तबकडीवालं म्हना ना. वांग्याचं." पुंजाजीनं तबकडीवालं म्हटलं, त्याच क्रमानं, तेवढंच. जिथं तबकडी थांबते तिथंच तो थांबला. खंजिरी मांडीवर ठेवली, ओठ उघडले, आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या दृष्टीनं गाणं संपलं होतं. त्यानं ओठ मिटले. मी बाभळीआड उभा होतो. ऐकणाऱ्यांना शेवट आधीच ठाऊक असला, की गाणाऱ्याला पुढं जाता येत नाही, हे मी त्या दिवशी पाहिलं. मागची बंडी आपलं गाव घेऊन तशीच उभी राहिली.

जिन काय करतो? कापसातून सरकी काढतो. रुई निघते ती पांढरीशुभ्र, मऊ, गठाणी बांधून दूर देशी पाठवता येईल अशी. मी त्या गाण्याचं तेच केलं. टोचणारं काढलं आणि मऊ तेवढं विकलं. पण आमच्या मुलखातल्या पोराटोरालाही ठाऊक असतं, की रुई पेरून काही उगवत नाही.

म्हणून असली मोठी तबकडी दोनेक वर्षांमागं पहिल्यांदा माझ्या दुकानात आली, तेव्हा मी आधी तिची मिनिटं मोजली. हिच्यात पुंजाजीचं गाणं मावलं असतं. सगळंच नव्हे, पण पुष्कळ. मग मनाशी वाद घालत बसलो. मावलं असतं, पण शोभलं असतं का? घरात आरामखुर्चीवर बसून ऐकणारा माणूस कशाची वाट पाहत असतो? त्याच्या मागं कुठली बंडी येऊन लागणार? वीस मिनिटं एकाच बाजूनं गात राहायचं, आणि समोरून कुठल्याच गावाचं नाव यायचं नाही. अशानं पुंजाजी घुसमटला असता. लहान तबकडीनं त्याचं गाणं तोडलं, मोठीनं ते गोठवलं असतं. म्हणजे लांबी शोभते ती वाट पाहणाऱ्यांच्या संगतीत, एकट्याच्या खोलीत नव्हे. प्राध्यापकांना हे उत्तर देता आलं असतं, आणि ते त्यांना आवडलंही असतं. पण हा युक्तिवाद मला फार सोयीचा आहे, हे मी जाणतो. अख्ख्या गाण्याचा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. प्रश्न एका कडव्याचा होता, आणि त्याला जागा होती.

अखेर गेल्या साली एस.टी.नं अमरावतीला गेलो. पुंजाजीचा मुलगा तिथं सरकारी नोकरीत आहे; बाप त्याच्याकडे असतो. केस पांढरे झालेले, डोळा अजून तसाच मिटतो. सुनेनं तांब्याभरून पाणी आणलं, त्यानं ते स्वतःच्या हातानं माझ्यापुढं केलं. तांब्यातल्या पाण्यात मला माझं तोंड दिसलं, आणि मी घाईनं प्यालो. मोठ्या तबकडीची गोष्ट काढली. म्हटलं, खटपट करू या, आता पुष्कळ कडवी बसतात. तो बराच वेळ हसला. "आता कुठचे कडवे रे, वसंता? कोनी इचारेच ना, तं गेले. न हाकलेल्या बैलावानी. आता तबकडीतलेच तेवढे येते मले बी." मग भिंतीकडे पाहत बोटांनी मांडीवर ताल शोधू लागला. "आपल्या गावचं एक होतं. इहिरीचं. मायचं. रोज दुपारी आठवतो. पहिली ओळ येते, 'गोड तुह्या इहिरीचं पानी', अन् मंग पुढं नुसती खरखर येते पाहा, तबकडीसारखी. तू तं होता तवा रांगेत. तुले याद हाय का?"

मला याद होतं. मला ते झोपेतही याद असतं. ते सांगायचं, तर कडव्यामागून बाकीचंही आलं असतं: काचेआडचा माणूस, त्याचा प्रश्न, माझं उत्तर. आईचा निरोपही द्यावा लागला असता, की माय तुझ्या कडव्याची वाट पाहत होती. मी तांब्या खाली ठेवला आणि म्हटलं, "नाही बा, पुंजाजी. माह्याही ध्यानात नाही राह्यलं."

"जाऊ दे," तो म्हणाला. "तुह्या काय ध्यानात राहीन. तुले तं किती गाने आयकाचे असतात."

प्राध्यापक आपली मोठी तबकडी माझ्याकडेच विसरून गेले आहेत. आत्ता तिच्याशेजारी पुंजाजीची लहान तबकडी लावून बसलो आहे. तिच्यात एवढीशी जागा होती आणि ती पुरेशी होती. गाणं केव्हाच संपलं, सुई रिकाम्या पट्ट्यावर फिरते आहे, आणि ती उचलायला माझा हात होत नाही. तुम्हांला ते कडवं मी वर सांगितलं. तुम्हांला सांगितलं म्हणजे त्याला दिलं, असं होत नाही. अमरावतीची एस.टी. दुकानासमोरूनच जाते. तो अजून आहे, दुपारी भिंतीकडे पाहत बसतो, आणि त्याच्या गाण्याची शेवटची ओळ माझ्याकडे आहे. ती मी त्याला देणं लागतो.